हाच प्रश्न पुरुषाला विचारला असता का?



आपण नेहमी कर्जाची परतफेड, ग्रामसभेतले ठराव, सातबाऱ्यावर बाईचं नाव अशा जवळच्या विषयांवर बोलतो. आज जरा लांब जायचं आहे. देशादेशांमध्ये बोलणी होतात, करार होतात, युद्ध थांबवायच्या बैठका होतात. त्या बैठकीत बसणाऱ्या बायकांबद्दल आज बोलू. कुणी राजदूत, कुणी परराष्ट्रमंत्री, कुणी पंतप्रधान. त्यांच्याबद्दल लोक आधीच काय काय ठरवून बसतात आणि त्यामुळे काय बिघडतं, ते समजून घेऊ.

तुमच्यातली एखादी म्हणेल, ताई, आपला त्याच्याशी काय संबंध? तर बघा. आपण शेतात टाकतो ते पोटॅश परदेशातून येतं. डीएपीचा बराच माल बाहेरून येतो. आपला कांदा जहाजातून बाहेर जातो. गावातला एखादा मुलगा आखाती देशात कामाला असतो, आणि तिकडे लढाई पेटली की इकडे त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही. हे सगळं देशांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधांवर चालतं. ते संबंध जपायचं, बिघडले तर सांधायचं काम म्हणजे मुत्सद्देगिरी.

शब्द मोठा असला तरी काम आपल्या ओळखीचं आहे. दोन वाड्यांचा एका ओढ्याच्या पाण्यावरून वाद झाला की दोन्हीकडची समजूतदार माणसं एकत्र बसतात. आपलं सोडायचं नाही आणि समोरच्याला तोडायचंही नाही, असं बोलणं करावं लागतं. घराघरांत हे काम बायकाच करत आल्या. सासर-माहेर सांभाळणं, भावाभावांतला अबोला मोडणं, रुसलेल्या पाहुण्याला जेवायला बसवणं, हे सगळं तेच. पण तेच काम देशाच्या नावाने, पगार घेऊन, खुर्चीवर बसून करायची वेळ आली, तेव्हा मात्र बाईला हे जमणार नाही असं लोक म्हणाले. का म्हणाले, त्याची एकेक कारणं पाहू.

पहिला समज : लग्न झालेल्या बाईचं लक्ष घरातच असतं

आपल्या देशाच्या परराष्ट्र सेवेत आलेली पहिली बाई म्हणजे सी. बी. मुथम्मा. कर्नाटकातल्या कोडगूच्या. देशातली सगळ्यात अवघड परीक्षा पास होऊन १९४९ साली त्या नोकरीत आल्या. मुलाखत घेणाऱ्यांनीच त्यांना या नोकरीचा नाद सोडायला सुचवलं होतं. रुजू होताना त्यांच्याकडून लिहून घेतलं गेलं की लग्न केलं तर राजीनामा देईन. त्यांच्याबरोबर लागलेल्या पुरुषांकडून असं काही लिहून घेतलं नव्हतं.

पुढे १९६१ साली तर नियमच छापला गेला. परराष्ट्र सेवेतल्या बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. लग्न झालेल्या बाईला या सेवेत नेमणूक हक्क म्हणून मागता येणार नाही, हेही नियमातच लिहिलं होतं.

मुथम्मा डगमगल्या नाहीत. १९७० साली त्या हंगेरीमध्ये भारताच्या राजदूत झाल्या. परराष्ट्र सेवेतून वर येत राजदूत झालेली ती पहिली भारतीय बाई. पण वरच्या पदाची बढती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं गेलं. तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने घाईने त्यांना बढती दिली. म्हणून १९७९ साली न्यायालयाने अर्ज निकाली काढला, पण नियमांवर जे बोलायचं ते बोलूनच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या म्हणण्याचा मतलब असा, की घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात म्हणता, तर त्या पुरुषाच्याही आड येऊ शकतात. मग नियम एकट्या बाईलाच का? असे भेद जिथे जिथे आहेत ते काढून टाका, असं न्यायालयाने सरकारला बजावलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ज्यांच्याकडून आपण कारभाराचे नियम उचलले, त्या ब्रिटनमध्ये १९४६ पर्यंत बायकांना परराष्ट्र सेवेत घेतच नव्हते. त्यावर चर्चा झाली तेव्हा मोठमोठ्या साहेबांना पडलेला एक प्रश्न होता, की बाई राजदूत झाली तर तिचा नवरा काय करेल? पुढे दरवाजा उघडला, पण लग्न केलं की नोकरी सोडायची ही अट १९७० नंतरही काही वर्षं राहिली. त्या देशाची पहिली बाई राजदूत १९७६ साली डेन्मार्कला गेली, ॲन वॉरबर्टन.

नवऱ्याचं काय होणार हा प्रश्न त्यांना एवढा मोठा का वाटला असेल? कारण राजदूताची बायको काय करते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मेजवान्या मांडणं, पाहुण्यांचं हवं-नको बघणं, कोण कुणावर नाराज आहे हे हेरून ठेवणं, सगळं ती फुकट करायची. अमेरिकेत तर १९७२ पर्यंत अधिकाऱ्याच्या कामाच्या शेऱ्यात त्याच्या बायकोने पाहुणचार कसा केला याचीही नोंद व्हायची. म्हणजे एका पगारात सरकारला दोन माणसं मिळत होती. बाई राजदूत झाली की हे दुसरं फुकटचं माणूस मिळणार नव्हतं, खरी अडचण ती होती. मैत्रिणींनो, शेतात दिवसभर राबून कागदावर 'घरकाम' लिहिलं जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता उलटं उदाहरण घ्या. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांना २०१८ साली, पदावर असतानाच मुलगी झाली. ती तीन महिन्यांची असताना त्या तिला घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या सभेला गेल्या. बाळाला मुलीचे वडील सांभाळत होते आणि आई भाषण करत होती. देश काही बुडाला नाही. त्यांच्याआधी १९९० साली पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो पंतप्रधान असतानाच बाळंत झाल्या होत्या. पुरुष नेत्याच्या घरी बाळ जन्मलं तर त्याच्या कामाचं काय होणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

दुसरा समज : तिकडे बाईला कोण जुमानणार?

हा समज फार चलाख आहे. यात माणूस स्वतःकडे दोष घेत नाही. आमची काही हरकत नाही हो, पण समोरचे ऐकणार नाहीत, असं तो म्हणतो.

मॅडेलिन ऑलब्राइट १९९७ साली अमेरिकेच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. त्यांचं नाव चर्चेत आलं तेव्हा लोक म्हणत होते, अरब देशांचे राजे, मंत्री बाईशी बोलणी करणार नाहीत. त्यावर संयुक्त राष्ट्रांमधल्या अरब राजदूतांनीच सांगितलं की आमचं यांच्याबरोबर काम नीट चाललं आहे. पुढे ऑलब्राइट स्वतःच सांगायच्या, की मला परदेशी पुरुषांपेक्षा आपल्या सरकारातल्या पुरुषांचाच जास्त त्रास झाला.

या बाईंची एक गंमतही सांगण्यासारखी आहे. इराकच्या वर्तमानपत्रांत त्यांना नागीण म्हटलं गेलं. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या वेळी इराकच्या प्रश्नावर बैठकीला जाताना कोटावर सापाच्या आकाराची पिन लावून गेल्या. तेव्हापासून कोटावरची पिन ही त्यांची न बोलता बोलायची भाषाच झाली.

समोरचे मान देत नाहीत असं खरंच झालं तर? तसंही झालं आहे. ६ एप्रिल २०२१ रोजी तुर्कस्तानची राजधानी अंकारामध्ये बैठक होती. युरोपातल्या देशांच्या संघाकडून दोघंजण गेले होते, चार्ल्स मिशेल आणि उर्सुला फॉन डेअर लायन. दोघंही आपापल्या संस्थेचे प्रमुख. दालनात यजमान अध्यक्ष एर्दोगान यांच्याशेजारी एकच खुर्ची ठेवलेली होती. तिच्यावर मिशेल जाऊन बसले. फॉन डेअर लायन क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि मग त्यांना बाजूच्या सोफ्यावर बसावं लागलं. तो सगळा प्रसंग कॅमेऱ्यात आला. यजमान देशाने सांगितलं की पाहुण्यांच्याच माणसांनी सुचवल्याप्रमाणे मांडणी केली होती. पण पुढे युरोपच्या संसदेत फॉन डेअर लायन यांनी विचारलं, मी सूट आणि टाय घातला असता तर असं झालं असतं का? याआधीच्या अशा बैठकांचे फोटो त्यांनी पाहिले होते. त्यात खुर्च्या कमी पडलेल्या नव्हत्या, आणि बाईही नव्हती.

या प्रसंगात एक गोष्ट आम्हाला जास्त बोचली. मिशेल उठले असते, किंवा एक खुर्ची आणा एवढं म्हणाले असते, तर विषय तिथेच संपला असता. त्यांना सुचलं नाही. गावच्या कार्यक्रमात सरपंच ताई कडेला उभ्या आणि खुर्च्यांवर सगळे भाऊसाहेब, हे चित्र आपल्याला नवीन नाही. मांडणी कुणीही केलेली असो, बसलेल्या माणसाला उठून खुर्ची मागवता येते.

त्याआधी २००६ साली रशियात मोठ्या देशांच्या प्रमुखांची बैठक होती. अमेरिकेचे अध्यक्ष बुश चालत आले आणि खुर्चीत बसलेल्या जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचे खांदे मागून दाबले. त्या दचकल्या, हात वर झटकले. थट्टेत झालं, असं कुणी म्हणेल. पण शेजारच्या देशाच्या पुरुष अध्यक्षाचे खांदे त्यांनी तसे दाबले असते का?

तिसरा समज : तिच्यामागे कुणीतरी पुरुष असणार

पंचायतीत बायकांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा मिळाल्या. तेव्हापासून 'सरपंचपती' हा शब्द आपण ऐकतो. सही बाईची, बोलणं नवऱ्याचं. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण जिथे खरं नसतं तिथेही लोक तसंच धरून चालतात, आणि त्याचा अनुभव जगातल्या बलाढ्य देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनाही आला आहे.

२००९ साली हिलरी क्लिंटन आफ्रिकेतल्या काँगो देशात गेल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या सभेत चीनच्या एका कराराबद्दल प्रश्न आला. दुभाष्याने सांगितलं, याबद्दल तुमच्या यजमानांचं मत काय ते हवं आहे. क्लिंटन यांनी तिथल्या तिथे सुनावलं की परराष्ट्रमंत्री माझा नवरा नाही, मी आहे. त्या मुलाला अध्यक्ष ओबामा यांचं मत विचारायचं होतं असं नंतर कळलं, त्यामुळे त्याला दोष द्यायला नको. पण दुसऱ्या दिवशी जगभर बातमी झाली ती त्यांच्या चिडण्याची. त्याच दौऱ्यात त्या काँगोमधल्या लढाईत अत्याचार झालेल्या बायकांना भेटल्या, ते मात्र मागे पडलं.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर विजयालक्ष्मी पंडित. त्यांचे यजमान रणजित पंडित हे मूळच्या कोकणातल्या मराठी घराण्यातले. १९४४ साली ते वारले. पदरी तीन मुली, मुलगा नाही. तेव्हाच्या कायद्यात विधवेचा आणि मुलींचा हक्क फार तोकडा होता, त्यामुळे नवऱ्याच्या मालमत्तेसाठी त्यांनाही सासरकडच्यांशी झगडावं लागलं. अशी ही बाई १९४६ साली भारताचं मंडळ घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या सभेत उभी राहिली आणि दक्षिण आफ्रिकेत भारतीय लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न मांडला. समोर जनरल स्मट्स यांच्यासारखा कसलेला नेता होता. ठराव दोन तृतीयांश मतांनी जिंकला. पुढे त्या रशियात, अमेरिकेत राजदूत झाल्या. १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षपदी निवडून आलेली ती जगातली पहिली बाई. १९६२ ते १९६४ त्या आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपालही होत्या.

तरी आजही त्यांचं नाव निघालं की पहिली ओळख असते 'नेहरूंची बहीण'. भाऊ मोठ्या पदावर होता हे खरं, त्याचा फायदाही झाला असेल. पण परक्या देशांची मतं भावाच्या नात्याने मिळत नाहीत. ती बोलून, पटवून मिळवावी लागतात.

चौथा समज : बाई म्हणजे आधी कपडे आणि रूप

२०११ साली पाकिस्तानच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खार दिल्लीला आल्या. दोन देशांमध्ये थांबलेली बोलणी पुन्हा सुरू होत होती. आपल्या वाहिन्यांवर काय चाललं होतं? त्यांची महागडी पर्स, मोत्यांची माळ, गॉगल. बैठकीत काय ठरलं हे विचारलं तर किती जणांना सांगता आलं असतं?

२०१७ साली ब्रिटनच्या पंतप्रधान टेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांची भेट झाली. ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडणार होता, स्कॉटलंडला वेगळं व्हायचं की नाही हा वाद होता. देशाचे तुकडे होतील की काय असा प्रसंग. तिथल्या मोठ्या खपाच्या एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर दोघींच्या पायांचा फोटो छापला आणि कुणाचे पाय सरस, असा मथळा दिला.

२०२२ साली फिनलंडच्या पंतप्रधान साना मारिन न्यूझीलंडला गेल्या. पत्रकाराने दोघी पंतप्रधानांना विचारलं, तुम्ही दोघी साधारण एका वयाच्या आहात म्हणून भेटताय का? आर्डर्न म्हणाल्या, बराक ओबामा आणि आमचे आधीचे पंतप्रधान जॉन की भेटले तेव्हा त्यांना कुणी असं विचारलं होतं का? ते दोघेही एकाच वर्षी जन्मलेले. मारिन म्हणाल्या, आम्ही पंतप्रधान आहोत म्हणून भेटतोय. फिनलंडच्या पंतप्रधानांची न्यूझीलंडला ती पहिलीच भेट होती आणि बोलणं व्यापाराचं होतं. लोकांच्या लक्षात राहिलं ते वय.

पाचवा समज : मऊ असेल तर कच्ची, कडक असेल तर कैदाशीण

नोव्हेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित भारतात आले होते. इंदिरा गांधी अमेरिकेच्या अध्यक्षांना भेटायला गेल्या आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. अध्यक्ष निक्सन यांच्या दालनातलं बोलणं तेव्हा यंत्रावर नोंदलं जायचं. अनेक वर्षांनी त्या नोंदी बाहेर आल्या. आपल्या सल्लागाराशी बोलताना निक्सन यांनी इंदिराबाईंना 'म्हातारी चेटकीण' म्हटलं होतं. बाई वाकली नाही की तिला चेटकीण ठरवायची, ही रीत आपल्याकडच्या पाड्यांवरही आहे आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या दालनातही होती.

ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांना रशियाच्या लष्करी वर्तमानपत्राने १९७६ साली 'पोलादी बाई' म्हणून हिणवलं. त्यांनी ते नाव मिरवलं. पण पुरुष नेता कडक असला तर त्याला कुणी 'पोलादी पुरुष' म्हणून हिणवत नाही, उलट मान देतात. कौतुक करायचं झालं तरी तेच. इस्रायलच्या गोल्डा मेयर काय किंवा आपल्या इंदिराबाई काय, मंत्रिमंडळातला एकच पुरुष, असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं. आपणही म्हणतोच की, बाई नाही, मर्द आहे मर्द! म्हणजे हिंमत दाखवली बाईने आणि ती जमा झाली पुरुषाच्या खात्यावर.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. बायका मुळातच प्रेमळ, त्या आल्या की युद्धं थांबतील, असंही लोक म्हणतात. ऐकायला गोड वाटतं. पण इंदिराबाईंनी १९७१ चं युद्ध लढलं, थॅचर यांनी १९८२ साली फॉकलंड बेटांसाठी लढलं. बाई माणूस आहे. ती तह करेल, लढेल, चुकेल, शहाणपणाने वागेल. प्रेमळ असायलाच हवी ही अट एकदा घातली, की ठाम राहणारी बाई लगेच 'बाईसारखी नाही' ठरते.

म्हणून बाई नेत्यावर टीकाच करू नये असं आमचं म्हणणं नाही. इंदिराबाईंनी १९७५ साली आणीबाणी लादली, त्यावर टीका झालीच पाहिजे. टीका निर्णयावर करा, तिच्या बाई असण्यावर नको.

यात आपलं काय जातं?

पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया नावाचा देश आहे. १९८९ पासून तिथे यादवी पेटली, मध्ये थोडी थांबली, पुन्हा भडकली. २००३ साली बाजारात बसणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बाया, ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही, पांढरे कपडे घालून राजधानीतल्या मासळी बाजाराजवळच्या मैदानावर रोज बसायला लागल्या. उन्हात आणि पावसात. मागणी एकच, शांतता. लेमा बोवी ही त्यांची पुढारीण.

शेवटी घाना देशात बोलणी सुरू झाली. टेबलावर कोण बसलं? ज्यांच्या हातात बंदुका होत्या ते. आठवडे गेले. ते हॉटेलात राहत होते, जेवत होते आणि गावाकडे माणसं मरत होती. तेव्हा या बायांनी सभागृहाच्या दारातच ठाण मांडलं. करार केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. पहारेकरी अटक करायला आले तेव्हा लेमाबाई आपली वस्त्रं उतरवायला लागल्या. तिकडे आईच्या जागी असलेल्या बाईने असं करणं हा पुरुषांवर मोठा शाप मानतात. पहारेकरी मागे हटले. ऑगस्टमध्ये करार झाला. २००६ साली त्याच देशात एलेन जॉन्सन सरलीफ अध्यक्ष झाल्या. आफ्रिकेत निवडणुकीतून राष्ट्राध्यक्ष झालेली ती पहिली बाई. २०११ साली या दोघींना शांततेचं नोबेल मिळालं. करारानंतर तिथली शांतता टिकावी म्हणून २००७ पासून आपल्या देशातल्या महिला पोलिसांची अख्खी तुकडी तिथे पहाऱ्याला होती.

आता विचार करा. या बाया दारात का बसल्या? कारण आत त्यांना खुर्ची नव्हती. कोणत्या वाटेवर स्फोटकं आहेत, कुणाचा मुलगा पळवून हातात बंदूक दिली, बाजार कशाने बंद पडला, हे सगळं त्यांना माहीत होतं. ते माहीत असणारी माणसंच बाहेर राहिली तर करार अर्धवट होतो.

खुर्ची दिली तर काय होतं, तेही पाहा. फिलिपीन्समध्ये सरकार आणि मोरो बंडखोर यांच्यात अनेक दशकं लढाई चालू होती. मिरियम कोरोनेल-फेरर या प्राध्यापक बाई सरकारच्या बाजूच्या मुख्य बोलणीकार झाल्या, आणि मार्च २०१४ मध्ये अंतिम करारावर त्यांनी सही केली. अशा अंतिम शांतता करारावर मुख्य बोलणीकार म्हणून सही करणारी ती जगातली पहिली बाई. पहिली, आणि तीही २०१४ साली! त्याच्या १४ वर्षं आधी, २००० साली, शांततेच्या बोलण्यांत बायका असल्याच पाहिजेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने केला होता. ठराव होणं आणि खुर्ची मिळणं यातलं अंतर आपल्याला ग्रामसभेत चांगलंच कळतं.

एका शब्दाची गोष्ट

शेवटी हंसाबेन मेहता. सुरतच्या, मुंबईत काम केलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जगातल्या सगळ्या माणसांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहायचं काम चाललं होतं, त्या समितीत त्या भारताकडून होत्या. पहिल्या कलमाचा मसुदा इंग्रजीत असा होता, की सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. बाकीच्यांचं म्हणणं, त्या शब्दात बायकाही धरल्या जातात, एवढं काय त्यात! हंसाबेन म्हणाल्या, उद्या काही देश त्याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील. त्या अडून बसल्या. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा त्यात शब्द होता 'सगळी माणसं'.

मैत्रिणींनो, एवढ्या लांबच्या गोष्टींतून आपण एक सोपी कसोटी घेऊ. बाई नेत्याबद्दल काही ऐकलं, वाचलं किंवा आपल्याच तोंडून निघालं, की क्षणभर थांबायचं आणि विचारायचं, हाच प्रश्न पुरुषाला विचारला असता का? उत्तर 'नाही' आलं तर तो प्रश्न सोडून द्यायचा आणि दुसरा विचारायचा, तिने काम काय केलं? टीव्हीवर परराष्ट्रमंत्री दिसली तर साडी कोणती यापेक्षा करार कोणता, हे घरात विचारूया. आपल्या सरपंच ताईंबद्दलही तेच. 'बाई असून किती जोरात बोलते' हे वाक्य आपल्याच बैठकांमध्ये ऐकू येतं. ते आधी आपण बंद करू.

आणि बैठकीत कुणी बाई उभी राहिलेली दिसली तर शेजारणीने म्हणायचं, एक खुर्ची आणा. त्यासाठी ठराव लागत नाही.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या पंचायतीच्या शेवटच्या बैठकीत महिला सदस्य कुठे बसल्या होत्या? कोण किती बोललं?

२. आपल्या गावातल्या एखाद्या बाई पुढारीबद्दल लोक काय बोलतात ते फळ्यावर लिहा. त्यातलं कामाबद्दल किती, तिच्या घराबद्दल आणि राहणीबद्दल किती, ते वेगळं करा.

३. गावात भांडण मिटवायला, पाण्याची पाळी ठरवायला जी माणसं बसतात त्यात बायका असतात का? नसतील तर कोणती माहिती बाहेर राहते?

४. एखाद्या बाई नेत्याचा एक निर्णय आठवा जो तुम्हाला पटला नाही. तिच्या बाई असण्याचा उल्लेख न करता त्यावर टीका करून पाहा.